पाण्याची वाट : जुन्या एमजीबीचा गंज आणि सायलेन्सर

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स कार 1962 मध्ये बाजारात आली आणि 1980 च्या ऑक्टोबरमध्ये तिचं उत्पादन थांबलं. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. सिड एनेव्हर या अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलेल्या या गाडीत 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि सुमारे 95 अश्वशक्तीची ताकद होती. यंत्ररचना इतकी साधी आहे की हाताला वळण असलेला कुणीही पाना घेऊन कामाला लागू शकतो. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स मिळतो, ब्रेकचे सगळे भाग आजही मिळतात. एखादी जुनी एमजीबी रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे ठरवतो तिचा पत्रा.

अशा गाडीच्या मालकाच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पत्रा खालून गंजला आहे आणि सायलेन्सर फुटला आहे. पहिलं काम डेंटरचं आणि दुसरं मेकॅनिकचं, अशी त्यांची वाटणीही होऊन जाते. प्रत्यक्षात दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळालेली नसते. ही वाट शोधून मोकळी करणं म्हणजे खरी दुरुस्ती. वाट बंदच ठेवून नुसतं भोक बुजवलं, तर ते थोड्याच काळात पुन्हा पडतं.

गंज झाकलेल्या जागी का लागतो?

लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवलेलं असतं. त्यामुळे जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त, असं आपण धरून चालतो. केंब्रिज विद्यापीठातले युलिक इव्हान्स यांनी एका साध्या प्रयोगातून याच्या उलट चित्र दाखवलं. स्वच्छ घासलेल्या पोलादी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि रंग बदलणारी दोन रसायनं त्यात मिसळली. थोड्या वेळाने थेंबाचा मध्यभाग निळा झाला आणि कडा गुलाबी. निळा रंग दाखवत होता की लोखंड तिथे विरघळतं आहे. गुलाबी रंग दाखवत होता की ऑक्सिजन तिथे वापरला जातो आहे. कडेला हवा भरपूर असते, मध्यभागी ती पोचत नाही. झीज झाली ती मध्यभागी, म्हणजे ऑक्सिजन जिथे सर्वांत कमी होता तिथे. पत्र्याच्या दोन भागांमध्ये एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि हवेपासून लपलेला भाग त्याच्यात खर्ची पडतो.

हे लक्षात आलं की जुन्या गाडीचा गंज समजू लागतो. चिखलाच्या गोळ्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडाच्या फटीत, डांबरी लेपाच्या तड्यामागे आणि ओल्या नमद्याखाली हवा कमी आणि ओल जास्त, म्हणून गाडी तिथेच पोखरली जाते. मीठ हे काम झपाट्याने पुढे नेतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि क्लोराइड पत्र्यावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरतात. ते चाकांनी उडून गाडीच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या एमजीबींचा पत्रा म्हणूनच शौकिनांना मोलाचा वाटतो.

गंजाचा आणखी एक गुण घातक आहे. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी अधिक जागा घेतो. दोन पत्र्यांमध्ये तयार झालेला गंज फुगतो आणि जोड फाकवतो, फटीत आणखी पाणी शिरतं. रंगाखाली दिसणारा बारीक फोड हा बहुधा मागच्या बाजूने आलेल्या गंजाचा असतो. फोड दिसतो तेव्हा पत्रा आरपार गेलेला असण्याची शक्यता मोठी.

छप्पर नसलेल्या गाडीचा कणा

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीत वेगळी चासी नाही. घडवलेले पत्रे एकमेकांना जोडून तयार झालेली बॉडीच सगळा भार पेलते. बंद गाडीत छप्पर आणि त्याचे खांब या कामाला हातभार लावतात. उघड्या गाडीत छप्परच नाही. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भार मुख्यतः दोन सिलवर आणि मधल्या बोगद्यावर येतो. सिल म्हणजे दाराखालून लांबवर जाणारी पत्र्याची पोकळ पेटी.

बाहेरून ही सिल एक साधी पट्टी वाटते. आत तिचे थर आहेत. बाहेरचा दर्शनी पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाशी या सगळ्यांना फरशीच्या पत्र्याशी जोडणारा भाग. या रचनेमुळे पेटीला ताकद येते, आणि हिच्यामुळेच आत दिवसाचा उजेड कधी पोचत नाही. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साठतो आणि तिथून ओल सिलच्या तोंडाशी उतरते. तळाशी ठेवलेली निचऱ्याची भोकं माती, जुना लेप किंवा रंग यांनी बुजली की पाणी आतच राहतं.

दारांचीही तीच गत. काचेला लागून असलेल्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतं, आणि ते उतरणारच हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की दाराची खालची कड कुजते. आसनांच्या मागे, फरशीच्या खाली, सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्यातून सांडलेल्या आम्लाने बॅटरीच्या पेट्या खाल्ल्या जातात. मागच्या कमानपाट्यांच्या टेकूंजवळचा पत्राही तपासावा लागतो, कारण तो सुटला तर मागचा ॲक्सल जागेवर राहत नाही.

तपासणीसाठी भारी उपकरण लागत नाही. छोटी हातोडी, बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि लोहचुंबक पुरतात. चांगला पत्रा टणक वाजतो, गंजलेला बद्द. लोहचुंबक चिकटला नाही, तर रंगाखाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर किंवा फायबरग्लास आहे असं समजावं. त्यानंतर गाडी जॅकवर उचलून दार उघडून-मिटून पाहावं. जॅक लावल्यावर दार अडकू लागलं किंवा दाराची फट वर-खाली असमान झाली, तर गाडीचा कणा वाकतो आहे. अशा गाडीचा रंग कितीही चकचकीत असला, तरी तिच्यातून प्रवास करणं धोक्याचं आहे.

कापणं, जोडणं आणि मापात ठेवणं

सिलची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग मारणं. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण या कामाला तंतोतंत लागू पडते. जुना गंज आत जिवंत राहतो आणि दोन पत्र्यांमध्ये नवी फट तयार होते, इव्हान्सच्या थेंबाला हवी तशी. वर्ष-दोन वर्षं गाडी देखणी दिसते, पण ताकद परत आलेली नसते.

खरं काम वेळ खातं. बाहेरची सिल फेंडरच्या मागून पुढे जाते, म्हणून फेंडर उतरवावा किंवा त्याचा खालचा भाग कापावा लागतो. कापण्याआधीची तयारी निर्णायक असते. गाडी सपाट जमिनीवर, सारख्या उंचीच्या भक्कम स्टँडवर अशी टेकवायची, की तिचं वजन नेहमीच्याच जागी पडेल. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी दांडा वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून बसवायचा. दार लावून फटींची मापं लिहून ठेवायची. मग एकाच बाजूची सिल कापायची आणि ती पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. आधार न देता सिल कापली, तर गाडी मध्ये खचते. त्या अवस्थेत नवी सिल वेल्ड केली की तो बाक कायमचा होतो आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

कापताना हात आखडता घेऊ नये. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या या पत्र्यावर गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते आणि पत्रा लाटेसारखा वाकतो. म्हणून मिग वेल्डिंग, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजांत सीओटू म्हणतात, ते सोयीचं. तेही सलग न मारता थोडं इथे, थोडं तिथे टाके घेत पुढे सरकायचं. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग होतं, तिथे वरच्या पत्र्याला ठरावीक अंतराने भोकं पाडून ती वेल्डिंगने भरली की तसाच पक्का जोड मिळतो. जोडात लपणाऱ्या कडांना वेल्डिंग चालेल असा जस्ताचा प्रायमर आधीच लावायचा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

काही नियम मोडायचेच नाहीत. बॅटरी सोडवल्याशिवाय वेल्डिंग नाही. जवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवायची, आणि रिकाम्या टाकीवर वेल्डिंग कधीही करायचं नाही, कारण आत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक असते. जस्ताचा धूर श्वासात गेला तर ताप भरतो, म्हणून हवा खेळती हवी. नमदा आणि आसनं बाहेर काढायची, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा.

जिथे कापायची गरज नाही, नुसता पृष्ठभाग तांबूस झाला आहे, तिथे वायर ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावता येतं. ते गंजाचं रूपांतर लोह-फॉस्फेटच्या थरात करतं. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकला, त्याच्या मुळाशी असाच फॉस्फेटचा थर आहे, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासातून मांडलं. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त होतं, म्हणून थर आपोआप बनला. आपल्या पत्र्यावर तो आपण लावतो आणि त्याच्यावर प्रायमर व रंगही चढवावा लागतो. पोखरलेल्या पत्र्याला मात्र कुठलंही द्रावण ताकद परत देत नाही.

गंज फार पसरलेला असेल तर आणखी एक पर्याय आहे. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ कारखान्याच्या साच्यांवरून एमजीबीच्या संपूर्ण नव्या बॉडी तयार करायला सुरुवात केली. उत्पादन थांबलेल्या गाडीची अख्खी बॉडी नव्याने मिळणं ही जगातल्या मोटारप्रेमींसाठी मोठी गोष्ट होती, आणि ती घडली ते जुने साचे भंगारातून वाचवल्यामुळे.

सायलेन्सर आतून कुजतो

सायलेन्सरला रस्त्यावरचं पाणी लागतं आणि तो सडतो, असा समज आहे. बाहेरून नुकसान होतंच, पण मोठा घाव आतून बसतो. पेट्रोल हायड्रोजन आणि कार्बन यांचं बनलेलं असतं. ते जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात एक्झॉस्टमधून बाहेर जातं. पाइप तापलेला असेल तर ही वाफ निघून जाते. थंड असेल तर आतल्या भिंतीवर तिचे थेंब होतात, ज्वलनातून आलेली आम्लं त्यात विरघळतात आणि हे आंबट पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचतं. इंजिनापासून सगळ्यात लांब असलेला मागचा डबा सगळ्यात उशिरा तापतो, म्हणून तोच आधी फुटतो.

यातून गाडी सांभाळण्याची एक सर्वदूर पसरलेली सवय चुकीची ठरते. उभ्या गाडीचं इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करणं म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी भरून ठेवणं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवावी. संपूर्ण एक्झॉस्ट तापतो आणि साचलेलं पाणी उडून जातं. अनेक सायलेन्सरना तळाशी दोन-तीन मिलिमीटरचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते गळतीचं समजून वेल्डिंगने बुजवलेलं दिसतं. ते पाण्याच्या निचऱ्यासाठी असतं आणि उघडंच राहायला हवं. पाइपला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टीही ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप तिच्याखाली लवकर जातो.

स्टेनलेस स्टीलचा संच हा टिकाऊ उपाय आहे. साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलं की पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो आणि खरचटला तरी पुन्हा भरून येतो. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये क्रोमियम सुमारे 18 टक्के असतं, स्वस्त 409 प्रतीत 11 टक्क्यांच्या आसपास. 409 वर वरवरचा तांबूसपणा येतो, तरी साध्या पोलादाच्या मानाने ते पुष्कळ टिकतं.

गळती शोधणं आणि अडकलेले नट

इंजिन थंड असताना टिक-टिक असा आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो, हे मॅनिफोल्डच्या जोडातल्या गळतीचं लक्षण. लोखंड तापून फुगतं आणि फट तात्पुरती मिटते. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर जागा पक्की झाली. पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येत असेल, तर फटीतून बाहेरची हवा पाइपात शिरते आहे. या लक्षणांवरून कार्ब्युरेटर उघडून बसणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आधी एक्झॉस्टची गळती बंद करावी, मग कार्ब्युरेटर जुळवावेत.

एमजीबीच्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. काही स्टड दोघांत सामाईक आहेत आणि एकच जाड वॉशर दोघांच्या कडा दाबून धरतो. एका मॅनिफोल्डची कड घासून पातळ झाली असेल, तर वॉशर दुसऱ्यावरच दाब देतो आणि कितीही आवळलं तरी पहिला गळत राहतो. म्हणून नवं गॅस्केट बसवण्याआधी दोन्ही कडांची जाडी मोजावी आणि फरक असेल तर यंत्रावर सपाट करून घ्यावी.

जुने नट सोडवताना घाईचा दंड स्टड तुटून भरावा लागतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल घालून ठेवावं. दुसऱ्या दिवशी नट गॅसच्या ज्योतीने लाल करावा. नट फुगतो, आट्यांतला गंज तडकतो, आणि किंचित निवल्यावर मागे-पुढे हलवत तो सुटतो. तेल टाकलेल्या जागी ज्योत नेण्याआधी ते पुसून घ्यावं आणि पेट्रोलची नळी दूर असल्याची खात्री करावी. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असला, तर त्याच्यावर नवा नट वेल्ड करावा. वेल्डिंगच्या उष्णतेने पकड ढिली होते आणि पान्याने तो फिरतो. कडेसपाट तुटला असेल तर नेमक्या मध्यावर भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर लावावा. पाइप जोडताना पितळी नट वापरावेत, कारण ते स्टडच्या पोलादाला चिकटून बसत नाहीत.

नवा एक्झॉस्ट बसवताना सगळे जोड आधी सैल लावावेत. पाइप सरळ आहे, कुठे बॉडीला घासत नाही आणि रबरी लोंबत्यांवर मोकळा हलतो, हे पाहून मग पुढून मागे एकेक जोड आवळत जावं. इंजिन रबरावर बसलेलं असल्याने चालताना डुलतं. पाइप ताठ बांधला गेला तर हे डोलणं त्याच्या वेल्डिंगवर येतं आणि तिथे तडा जातो.

दोन दुखणी एकत्र येतात तेव्हा

गंज आणि गळका एक्झॉस्ट एकाच गाडीत असतील, तर प्रश्न जिवाचा होतो. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन वायू आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. फरशीला गंजाचं भोक, खाली फुटलेला पाइप आणि वर ताणलेलं कापडी छत, एवढ्यात हा वायू आत साचू शकतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे डिकीच्या झिजलेल्या रबरातूनही धूर आत ओढला जातो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं जाणवली तर गाडी थांबवून मोकळ्या हवेत यावं. म्हणून फरशी आणि एक्झॉस्ट यांची दुरुस्ती एकाच वेळी करावी आणि तोपर्यंत छत चढवून गाडी चालवू नये.

ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत सस्पेन्शन, सीटबेल्ट अशा महत्त्वाच्या जोडांपासून 30 सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजाने कमकुवत झालेला आढळला, तर गाडी नापास होते. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मुळात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना मे 2018 पासून या तपासणीतून सूट मिळाली. सूट मिळाली म्हणजे जबाबदारी पूर्णपणे मालकावर आली. गाडी कुठलीही असो, 30 सेंटिमीटरचा हा निकष प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यावा.

दुरुस्ती टिकवायची तर

वेल्डिंग संपलं, जोडांवर सीलर लागला, रंग चढला की सिलच्या पोकळीत मेण फवारायचं. लांब नळीने, कोमट करून फवारलेलं मेण फटींत झिरपतं आणि मऊ राहतं. याउलट डांबरी लेप वाळून तडकतो, तड्यातून पाणी आत जातं आणि तिथेच कोंडून राहतं. मेण फवारल्यावर निचऱ्याचं प्रत्येक भोक तारेने मोकळं करायचं.

हे सगळं इंग्लंडच्या गाडीबद्दल असलं तरी रसायनशास्त्र आपल्या किनाऱ्यालाही तेच आहे. कोकणात आणि गोव्यात मीठ रस्त्यावर टाकावं लागत नाही, ते हवेतूनच येतं. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीची बॉडी फायबरग्लासची होती आणि ती गंजत नाही, पण तिच्याखालची लोखंडी चौकट, नट-बोल्ट आणि एक्झॉस्ट यांना गंजाचा नियम लागू आहेच. पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकचं घट्ट आवरण घालून ती ओली झाकून ठेवणं सगळ्यात वाईट. वारा खेळेल असं छप्पर आणि श्वास घेणारं कापड यांनी ती जास्त टिकते.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, मग ती स्पोर्ट्‌स कार असो वा आजोबांची फियाट, तर पावसाळा संपताच एक सुटीचा दिवस तिला द्या. ती पक्क्या स्टँडवर उचला, खालचा चिखल साध्या पाण्याने धुऊन काढा, दारांची आणि सिलची भोकं मोकळी करा, नमदा उन्हात वाळवा आणि एक्झॉस्टचा प्रत्येक जोड डोळ्यांखालून घाला. जुनी गाडी पुढच्या पिढीच्या हाती द्यायची असेल, तर रंगावर खर्च करण्याआधी तिच्यातलं पाणी बाहेर काढा.